अर्ध्या मिलिमीटरचा हिशेब

पुण्याच्या मांजरी भागातल्या आमच्या डोळ्यांच्या दवाखान्यात लोक ज्या यंत्राला सगळ्यात जास्त घाबरतात, ते सगळ्यात लहान आहे. पेनाएवढी दांडी, तिच्या टोकाला गुळगुळीत गोल, मागून निघालेली वायर आणि ती वायर शिरते त्या डब्यावर तीन आकडे दाखवणारी पट्टी. डॉक्टर केसपेपरवर ‘पॅकी’ एवढंच खरडतात. पॅकी म्हणजे पॅकिमेट्री, डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पटलाची, कॉर्नियाची, जाडी मोजणं. पेशंटला मी म्हणते, “बुबुळाची जाडी मोजायचीय.” तो माझ्याकडे बघत नाही, दांडीकडे बघतो आणि विचारतो, “म्हणजे ही डोळ्यात घालणार?”

घालत नाही, टेकवते. तेही डोळा बधिर करून. थेंब टाकला की पाच-दहा सेकंद चांगलंच चुरचुरतं आणि मग काही कळेनासं होतं. हे मी आधीच सांगून टाकते. “काही होणार नाही” म्हणून थेंब टाकायचा आणि तो चुरचुरला, की त्या माणसाचा पुढच्या एकाही शब्दावर विश्वास बसत नाही. थेंबाचा अंमल पंधरा-वीस मिनिटं राहतो. काम दोन मिनिटांत होतं. पाठ टेकवून बसायचं, हनुवटी जराशी वर, नजर समोरच्या भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर. महिन्याचं नाव वाचत राहा म्हणून सांगते, म्हणजे डोळा हलत नाही. दांडीचं टोक बुबुळाच्या मध्यावर काटकोनात टेकलं की यंत्र टिक् करतं आणि आकडा उमटतो. आतून अल्ट्रासाउंडची लहर जाते. ती कॉर्नियाच्या पुढच्या पृष्ठभागावरून एकदा आणि मागच्या पृष्ठभागावरून एकदा परतते. दोन प्रतिध्वनींमधल्या वेळावरून जाडी निघते. कॉर्नियातला आवाजाचा वेग सेकंदाला सुमारे 1640 मीटर धरलेला असतो आणि कापायचं अंतर जेमतेम अर्धा मिलिमीटर. सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाहूनही कमी वेळात सगळा व्यवहार आटोपतो. पेशंटला कळतं ते फक्त टिक् टिक्.

पट्टीवरचे आकडे असे येतात: 512, 515, 510, 534, 511. यातला 534 खोटा. पेशंटने मध्येच डोळा फिरवला किंवा माझा हात तिरका झाला. दांडी तिरकी झाली तर लहर लांबच्या वाटेने जाते. मध्य सोडून कडेला सरकली तर तिथे कॉर्निया मुळातच जाड असतो, साडेसहाशे-सातशे मायक्रॉनपर्यंत. दोन्ही चुका आकडा वाढवतात. म्हणून मोठ्या आकड्याला आम्ही भुलत नाही. लहान आणि पुन्हा पुन्हा येणारा आकडा धरतो, बाकीचे पुसतो, मग सरासरी. यंत्र कितीही महागाचं असो, हात स्थिर नसेल तर त्यातून निघालेल्या आकड्याला अर्थ नाही, हे मी नव्या मुलींना पहिल्या दिवशीच सांगते.

मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. माणसाचा कॉर्निया मध्यावर पाचशे-साडेपाचशे मायक्रॉन, म्हणजे अर्धा मिलिमीटर. त्यातही थर. सगळ्यात वर पेशींचं सुमारे पन्नास मायक्रॉनचं आवरण, मध्ये नव्वद टक्के जागा व्यापणारा स्ट्रोमा आणि सगळ्यात आत पेशींची एकच ओळ. शरीरशास्त्रातलं सगळं फार पूर्वी शोधून झालंय असं आपल्याला वाटतं. पण 2013 मध्ये स्ट्रोमाच्या मागे आणखी एक पातळ, चिवट थर असल्याचं हरमिंदर सिंग दुआ यांनी मांडलं. ते इंग्लंडातल्या नॉटिंगहॅम विद्यापीठातले, पण वैद्यकीचं शिक्षण आपल्या नागपूरचं. थराचं नाव ‘दुआज लेयर’. तो वेगळा थर मानायचा की नाही यावर तज्ज्ञांत वाद झाले, ते सोडा. अर्ध्या मिलिमीटरात वाद घालायला जागा उरते, हेच मला मोठं वाटतं.

आता जाडी मोजायची कशाला? आमच्याकडे येणाऱ्या माणसांवरून सांगते, कारण मांजरीत दोन तऱ्हेची माणसं एकाच बाकड्यावर बसलेली असतात. एक, मूळ मांजरीकर. ज्यांची शेती होती, काहींची अजून आहे, जे उपबाजारात भाजी घालतात, वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट किंवा द्राक्ष संशोधन केंद्रात नोकरी करून निवृत्त झाले. दुसरी, 2021 साली मांजरी बुद्रुक महापालिकेत गेली त्याच्या अलीकडे-पलीकडे उभ्या राहिलेल्या सोसायट्यांतली, मगरपट्ट्याला कामाला जाणारी तरुण मंडळी. पहिल्या गटाला पॅकी लागते काचबिंदूच्या शंकेसाठी, दुसऱ्याला चष्मा घालवण्यासाठी. एकाच यंत्राचा एकच आकडा, पण प्रश्न अगदी उलटे.

काचबिंदूचं आधी. डोळ्यातला दाब, ज्याला सगळे ‘प्रेशर’ म्हणतात, तो बाहेरूनच मोजावा लागतो. बाहेरून म्हणजे कॉर्नियावर दाब देऊन. स्वित्झर्लंडमधल्या हान्स गोल्डमान यांनी श्मिट या सहकाऱ्यासोबत 1957 मध्ये त्यासाठीचं उपकरण मांडलं; त्यात 3.06 मिलिमीटर व्यासाचा गोल भाग सपाट करायला किती जोर लागतो ते बघतात. आजही जगभर तेच प्रमाण मानतात. हिशेब बसवताना त्यांनी कॉर्निया साधारण 520 मायक्रॉनचा धरला होता. जाडी फार वेगळी असली तर आकडा हलेल, हेही त्यांना ठाऊक होतं. पण जाडी माणसागणिक किती बदलते याचा अंदाज तेव्हा फारसा नव्हता. यंत्रं हाताशी आल्यावर कळलं की ती बरीच बदलते.

हे मी पेशंटला समजावून दमायचे. एकदा उपबाजारात माल घालणाऱ्या एका काकांनीच मला सोपं करून दिलं. “म्हणजे मॅडम, जाड सालीचं संत्रं अंगठ्याने दाबलं तर कडक लागतं, आत कसंही असो.” अगदी तेच. जाड कॉर्नियावर प्रेशर खऱ्यापेक्षा जास्त दिसतं, पातळ कॉर्नियावर कमी. या काकांना एका शिबिरात प्रेशर 24 निघालं म्हणून काचबिंदू सांगितला होता, जन्मभर थेंब टाकावे लागतील म्हणून घरी सगळे धास्तावले होते. त्यांची जाडी निघाली 592. डॉक्टरांनी डोळ्याच्या मागची नस पाहिली, दृष्टिक्षेत्राची तपासणी केली, दोन्ही चोख. थेंब न लावता सहा महिन्यांनी बोलावलं. काका खूश झाले, पण जाता जाता डॉक्टरांनी त्यांना थांबवून सांगितलं ते मला जास्त महत्त्वाचं वाटतं: “काचबिंदू नाही असं मी म्हटलेलं नाही. आज दिसत नाही असं म्हटलंय. यायचं.”

फसवणूक खरी होते ती उलट बाजूला. चाळिशी ओलांडलेल्या एक बाई चष्म्याचा जवळचा नंबर काढायला आल्या. प्रेशर 13. कुणीही ‘उत्तम’ म्हणून सोडून दिलं असतं. पण नस बघताना डॉक्टरांना शंका आली आणि केसपेपरवर ‘पॅकी’ आलं. माझ्या पट्टीवर 438, 440, 437. मी विचारलं, “ताई, पूर्वी डोळ्याचं काही ऑपरेशन?” “नाही हो.” मग थांबून, “लेसर केलं होतं चष्म्यासाठी, लग्नाच्या आधी. ते ऑपरेशन थोडंच?” त्या लेसरने कॉर्निया पातळ झाला होता आणि 13 हा आकडा त्या पातळ कॉर्नियावरचा होता. दृष्टिक्षेत्राच्या तपासणीत काचबिंदूची सुरुवात निघाली. जिथे लेसर केलं त्या सेंटरचे कागद त्यांच्याकडे नव्हते; आधीची जाडी किती होती ते सांगायला कुणीच नाही.

इथे एक गोष्ट आपल्या मुलखाची. पाश्चात्त्य पुस्तकांत सरासरी जाडी 540 ते 550 च्या आसपास दिलेली असते आणि आपल्याकडचे पेशंट मोबाइलवर तेच वाचून येतात. “माझं 510 आलं, म्हणजे पातळ का?” नागपूरच्या सूरज आय इन्स्टिट्यूटने नागपूरपासून साधारण 40 किलोमीटरवरच्या खेड्यांत तीस वर्षांवरच्या लोकांचे डोळे तपासले. सेंट्रल इंडिया आय अँड मेडिकल स्टडी या नावाने तो अभ्यास ओळखला जातो. त्यात 4,711 जण होते. 2010 मध्ये त्यातली कॉर्नियाची सरासरी प्रसिद्ध झाली: 514 मायक्रॉन. आमच्या बाकड्यावरच्या जुन्या मांजरीकरांचे आकडे मला रोज तिथेच आसपास दिसतात. त्यामुळे 510 आलेल्याला मी नागपूरजवळच्या त्या गावांची गोष्ट सांगते. त्याचा चेहरा सैलावतो.

पण सैलावून चालत नाही, हीही गंमत आहे. 2002 मध्ये अमेरिकेत ऑक्युलर हायपरटेन्शन ट्रीटमेंट स्टडीचे निष्कर्ष आले. प्रेशर जास्त, पण काचबिंदू अजून झालेला नाही अशा 1,636 लोकांवर ती मंडळी लक्ष ठेवून होती. ज्यांची जाडी 555 किंवा कमी, त्यांना काचबिंदू होण्याचा धोका 588 च्या वर असलेल्यांच्या तिप्पट निघाला. या अभ्यासानंतर पॅकी ही मोठ्या रुग्णालयांतली चैन राहिली नाही, काचबिंदूच्या तपासणीचा नेहमीचा भाग झाली. आता हाच 555 चा गज उचलून नागपूरच्या त्या खेड्यांना लावला, तर बहुतेक गाव ‘पातळ’ ठरेल. अमेरिकेतल्या त्या अभ्यासात जास्त प्रेशरवालेच निवडलेले होते, त्यामुळे तिथे जाड कॉर्नियाची गर्दी असणार, हे लक्षात घेतलं पाहिजे. तरी प्रश्न उरतोच. आपल्याकडे सरासरीच पातळ, म्हणजे आपल्याकडे ‘प्रेशर नॉर्मल आहे’ हे वाक्य जरा जपून उच्चारावं. माझं मत विचाराल तर, चाळिशीनंतर पहिल्यांदा सविस्तर डोळे तपासताना नस बघून घ्यायलाच हवी आणि ती जराही संशयास्पद वाटली तर त्याच वेळी पॅकीही. प्रेशरच्या एकट्या आकड्यावर कुणाला घरी पाठवू नये, कुणाला आजारी ठरवू नये.

या आकड्याने लगेच बेरीज-वजाबाकी करायचा मोह मात्र टाळावा. जाडी टाका, ‘खरं प्रेशर’ काढून देतो, अशी कोष्टकं आणि मोबाइलवरची ॲप्स आहेत. एका कोष्टकात 17 येतं, दुसऱ्यात 19. कॉर्नियाचा ताठपणा नुसत्या जाडीवर ठरत नाही आणि सुजेने जाड झालेला कॉर्निया तर उलट मऊ असतो. आमचे डॉक्टर पातळ, मध्यम, जाड एवढाच शेरा मारतात. मला ते पटतं.

सूज म्हटलं की मोतीबिंदूची ऑपरेशनं आठवतात. आतल्या पेशींची जी एक ओळ सांगितली, ती पंपाचं काम करते, कॉर्नियातलं पाणी सतत बाहेर काढते. या पेशी मोठेपणी नव्याने तयार होत नाहीत. ऑपरेशनमध्ये त्यांना दणका बसला की पंप मंदावतो, कॉर्निया फुगतो, दिसायला धुरकट होतं. तेव्हा जाडी मोजली की आज 640, आठवड्याने 590, मग 550 असा उतरता आलेख दिसला तर पंप सावरतोय. आजींना धुरकटच दिसत असतं, पण मी त्यांना आकडे वाचून दाखवते. निरोगी डोळ्यातसुद्धा हे थोडं होतं: रात्रभर मिटलेल्या डोळ्याला ऑक्सिजन कमी मिळतो, त्यामुळे झोपेतून उठल्या उठल्या कॉर्निया तीन-चार टक्के सुजलेला असतो आणि तासा-दोन तासांत पूर्ववत होतो. म्हणून आकड्याशेजारी आम्ही वेळही लिहितो.

आता सोसायटीतली तरुण मंडळी. यांचा प्रश्न एकच: “माझं लेसिक होईल ना?” लेसिक म्हणजे चष्मा घालवायचं लेसर. यांच्या बाबतीत दांडी नंतर, आधी कॅमेऱ्याचं यंत्र. हनुवटी टेकवायची, दिव्याकडे बघायचं, स्पर्श नाही, थेंब नाही. सगळ्या कॉर्नियाचा नकाशा येतो. दांडी आधी लावली तर पृष्ठभाग बिघडतो आणि नकाशा खराब येतो, म्हणून हा क्रम. दोन यंत्रांचे आकडे तंतोतंत जुळत नाहीत, दहा-वीस मायक्रॉनचा फरक पडू शकतो. तेव्हा वर्षानुवर्षं तुलना करायची असेल तर एकाच जातीच्या यंत्रावर करावी.

लेसिकचा हिशेब मी कागदावर मांडून देते. वरचं झाकण उचलायला साधारण 110 मायक्रॉन. मग एका नंबरामागे 12 ते 15 मायक्रॉन कॉर्निया लेसरने जातो. आणि खाली किमान 250 तरी शिल्लक हवेत. सावध डॉक्टर 300 म्हणतात. समजा 490 जाडी आणि उणे सात नंबर. 490 मधून 110 गेले, 380. सात चौदे अठ्ठ्याण्णव गेले, राहिले 282. हा कागद पुढे सरकवला की पोरं गप्प होतात. एकाने लग्नाची तारीख सांगितली, जणू त्याने मायक्रॉन वाढणार होते. ज्याला दुसऱ्या सेंटरने ‘होऊन जाईल’ म्हटलेलं असतं तो तिकडे जातो. मी अडवू शकत नाही. रेल्वेत असिस्टंट लोको पायलट व्हायची स्वप्नं बघणाऱ्या मुलांना मात्र मी जाडीच्या आधीच विचारते, भरती कुठली? त्या पदाला लेसिक केलेलं चालत नाही, जाहिरातीतच लिहिलेलं असतं.

सगळ्यात जपून बघावी लागतात ती डोळे चोळणारी मुलं. धूळ, गाजरगवत, बांधकामं. ॲलर्जीने लाल डोळे घेऊन येणाऱ्यांची इथे कमतरता नाही. मेडिकलमधून आणलेला स्टिरॉइडचा थेंब बऱ्याचदा आधीच सुरू असतो, तो डोळ्याचं प्रेशर वाढवू शकतो हे कुणी सांगितलेलं नसतं. अशाच एका कॉलेजातल्या मुलाचा तिरका नंबर वर्षात दोनदा बदलला. दांडीने मध्यावर 492. काळजीचं काही नाही, असंच वाटावं. नकाशावर मध्याच्या जरा खाली लाल डाग आणि तिथे 446. केराटोकोनस: कॉर्निया एका जागी पातळ होत शंकूसारखा पुढे येतो. दांडी जिथे टेकते तिथेच सांगते, हा तिचा दोष म्हणा किंवा मर्यादा. वडील म्हणाले, “मध्ये तर ठीक आहे ना?” त्यांना नकाशा दाखवला, मुलाचा डोळा चोळणारा हात दाखवला. क्रॉसलिंकिंग नावाचा उपचार आहे. रिबोफ्लेविनचे थेंब आणि अतिनील किरण देऊन कॉर्निया घट्ट करतात. नेहमीच्या पद्धतीत वरचं आवरण काढल्यावर निदान 400 मायक्रॉन लागतात, नाहीतर किरण आतल्या पेशींना इजा करतात. या मुलाचे 446 मधून सुमारे पन्नास गेले तर काठावरच. डॉक्टरांनी त्याला त्याच आठवड्यात कॉर्नियाच्या तज्ज्ञाकडे पाठवलं. अजून सहा महिने डोळे चोळत बसला असता तर नेहमीच्या पद्धतीचा दरवाजा बंद झाला असता.

तुमच्या केसपेपरवर ‘पॅकी’ आलं तर उपाशी यायची गरज नाही. काजळ लावून येऊ नका. कॉन्टॅक्ट लेन्स वापरत असाल तर ते फोनवरच सांगा. लेसिकसाठी मऊ लेन्स एक-दोन आठवडे आणि कडक लेन्स त्याहून जास्त दिवस काढून ठेवायला सांगतात, नाहीतर आकडाही चुकतो आणि नकाशाही. डोळा आलेला असेल किंवा भुलीच्या थेंबाची कधी रिअ‍ॅक्शन आली असेल तर खुर्चीत बसायच्या आधी सांगा. दांडी तुमच्यासमोर पुसून कोरडी केली का, ते बिनधास्त विचारा. आम्हाला राग येत नाही. तपासणीनंतर अर्धा तास डोळा चोळू नका, कारण बधिर डोळ्यात कचरा गेला किंवा ओरखडा पडला तरी कळत नाही. बाहुली मोठी करायचा थेंब टाकलेला नसेल तर गाडी चालवत घरी जाता येतं.

आणि तो आकडा मागून घ्या. दोन्ही डोळ्यांचा, तारखेसह, कोणत्या यंत्रावर काढला त्याच्यासह. मोबाइलमध्ये फोटो काढून ठेवा. लेसिक करणार असाल तर आधीचा आकडा आणि नंतरचा, दोन्ही जपा. ते कधी काळी झालं असेल, तर यापुढे तुमचं प्रेशर जो कुणी मोजेल त्याला मोजायच्या आधीच सांगा, त्याने विचारलं नाही तरी.